बारा महिने उलटे

माझा मुलगा डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत बाराही महिने उलटे, एका दमात, कुठेही न अडखळता म्हणतो. मीच शिकवलं त्याला, रीडिंग गावातल्या आमच्या घरात, जेवणाचं टेबल पुसून झाल्यावर. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. आता कुणी सहज ‘डिसेंबर’ म्हणालं तरी मी तिथून उठून जातो, आणि या देशातली दुकानं तर सप्टेंबरपासूनच डिसेंबर डिसेंबर करत बसतात.

आमच्याकडे परीक्षा म्हटली की एकच पद्धत: जुने पेपर मिळवायचे आणि पाठ होईपर्यंत सोडवायचे. माझ्या वडिलांनी पुण्यात माझ्याकडून तेच करून घेतलं. इंग्लंडला आल्यावर ड्रायव्हिंगची थिअरी मी तशीच पास झालो. सिटिझनशिपच्या टेस्टसाठी आम्ही नवरा-बायकोने कुठल्या राजाला किती राण्या होत्या हे भाजी निवडता निवडता एकमेकांना विचारलं. मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा इथल्या प्रवेशपरीक्षेचे, इलेव्हन प्लसचे, पेपर आणले, आणि पोरगं ग्रामर स्कूलला लागलं. त्याच्या रिसेप्शनपासूनच्या, म्हणजे इथल्या शिशुवर्गापासूनच्या, सगळ्या मार्कांची एक निळी फाइल माझ्याकडे आहे. बायको तिला माझी पोथी म्हणते. म्हणू दे. त्या पोथीवरच आमचं सगळं चाललं होतं.

शाळेत तो शंभर मीटर पळायचा. युनिव्हर्सिटीत मॅथ्स घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी नादी लागून अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये गेला. मी म्हटलं, अरे, क्रिकेट खेळ, गेला बाजार रग्बी खेळ. हा कुठला खेळ, ज्याचं नाव फुटबॉल आणि चेंडू हातात? तो हसला आणि मला समजावायला बसला. एक जण मधून चेंडू फेकतो. कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर ठरलेल्या वाटेने जीव तोडून धावतो आणि तो पकडतो. आपला मुलगा म्हणजे तो वाइड रिसीव्हर. मी म्हटलं, एवढंच? तो म्हणाला, “हो बाबा, बेसिकली एवढंच.”

एवढंच नव्हतं. बेसिंगस्टोकजवळच्या एका चिखलाच्या मैदानावर आम्ही त्याची पहिली मॅच बघितली. प्रेक्षक नऊ, त्यात आम्ही दोघं आणि एक कुत्रा. चेंडू आला, मुलाने दोन्ही हात वर केले, डोळे आकाशात, बरगड्या उघड्या. त्याच क्षणी शंभर किलोचा एक पोरगा समोरून धावत आला आणि त्याने त्याला मुळापासून उखडून जमिनीवर आपटलं. मी ओरडलो. रेफ्रीकडे बघितलं तर तो शांत. नियमातच बसतं ते. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की कोटाखाली वळ उठले. मुलगा उठला, चेंडू त्याच्या हातातच होता, आणि त्याने आमच्याकडे बघून तो चेंडू हलवून दाखवला.

हा खेळ बंद कर, असं मी त्या दिवशी सांगणार होतो. सांगितलं नाही, त्याला कारण त्याचं प्लेबुक. घरी येताना त्याने बॅगेतून जाडजूड फाइल काढली. कोणत्या इशाऱ्याला कोणत्या वाटेने धावायचं, किती पावलांवर वळायचं, सगळं आकृत्यांसकट लिहिलेलं. दीडशे पानं, सगळी तोंडपाठ हवीत. म्हटलं, अरेच्चा, हे तर पाठांतर! इथे माझं काम होतं. तेव्हापासून तो घरी आला की जेवणानंतर मी प्लेबुक उघडायचो, इशारा म्हणायचो आणि तो मीठ, मिरपूड, चमचे सरकवून आपली वाट दाखवायचा. चुकला की मी टेबलावर पेन वाजवायचो. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण बरोबर-चूक कळत होतं. बापाला आणखी काय लागतं?

डिग्री चांगली मिळाली. लंडनमधल्या एका इन्शुरन्स कंपनीची नोकरीही चालून आली. आणि हा एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाला, जर्मनीतल्या एका टीमने मला पगारावर घेतलंय, मी प्रोफेशनल होतोय. आमच्या सात पिढ्यांत कुणी धावायचा पगार घेतला नव्हता. बायको फार्मसीत काम करते, तिला लोकांची दुखणी रोज दिसतात. तिने मला एकच विचारलं, “अहो, त्याला लागलं तर?” मी म्हटलं, हेल्मेट असतं.

जर्मनीला जायच्या आधी तो दहा-बारा दिवस घरी होता, तेव्हाची ही गोष्ट. सीझन सुरू व्हायच्या आधी तिथे एक टेस्ट असते, असं तो बोलता बोलता म्हणाला. दहा शब्द वाचून दाखवतात, ते परत सांगायचे. आकडे उलटे म्हणायचे. महिने उलटे म्हणायचे. माझे कान टवकारले.

“किती मार्कांची?”

“बाबा, ती एक्झाम नाही. ती बेसलाइन असते. नंतर डोक्याला मार लागला तर कम्पेअर करायला.”

“टेस्ट ती टेस्ट. बघू, म्हण शब्द.”

मी इंटरनेटवर शोधलं तर तसले फॉर्म सापडले, याद्यांसकट. जुने पेपरच! मी प्रिंट काढले. पहिल्या संध्याकाळी त्याच्याकडून एक यादी म्हणून घेतली, आणि त्याला दहाच्या दहा काही सांगता आले नाहीत. मी चिडलो. ग्रामर स्कूलचा मुलगा, मॅथ्सची डिग्री, आणि दहा शब्द लक्षात राहत नाहीत? मग आठ दिवस रोज बसलो. लॅडर, बटन, रिव्हर, पिलो, कॅरट… सहा याद्या होत्या, साही पाठ. मी त्याला प्रत्येक यादीची गोष्ट करायला शिकवलं: शिडीवरून पडलेलं बटन नदीत गेलं, उशीवर अडकलं. महिने उलटे झोपेतून उठवून विचारले तरी यायला लागले. जर्मनीहून त्याचा मेसेज आला, ‘फुल मार्क्स, बाबा’. त्या फॉर्मचा फोटो मी निळ्या फाइलमध्ये लावला.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण लिहिताना मलाच माझी लाज वाटते. माझा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. प्रोग्रामला टेस्टची उत्तरं आधीच माहीत असतील तर त्या टेस्टला काडीचा अर्थ नसतो, हे मी पंचवीस वर्षं नव्या पोरापोरींना शिकवत आलोय. त्यावर मी लोकांना झापलंय. घरी किचनमध्ये मात्र मला ते एकदाही आठवलं नाही.

जर्मनीत त्याचे चार सीझन छान गेले. आम्ही लॅपटॉपवर मॅच बघायचो. गणपतीला भेटणाऱ्या मंडळींना मी ‘प्रोफेशनल वाइड रिसीव्हर’ असं पूर्ण म्हणायला लागलो होतो. एक आजोबा म्हणाले, रिसीव्हर म्हणजे फोनवर असतो का? मी त्यांनाही चमचे सरकवून समजावलं.

मग या वसंतात बोलावणं आलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या टीमची माणसं युरोपातले खेळाडू बघायला येणार होती आणि त्यासाठी लंडनच्या बाहेर एक मॅच ठेवली होती. त्यातून दोघा-तिघांना अमेरिकेत कॅम्पला नेणार. मुलगा सव्वीसचा झाला होता; या खेळात सव्वीस म्हणजे दार बंद व्हायची वेळ. आदल्या दिवशी दुपारी तो स्वतःहून किचनमध्ये आला, त्या याद्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, “बाबा, क्विझ मी.”

जन्मात पहिल्यांदा पोरगा आपणहून अभ्यासाला बसत होता. मला भरून आलं, खरंच सांगतो. कशासाठी, हे मी विचारलं नाही.

शनिवारी बायकोची ड्युटी होती, म्हणून मी एकटाच गेलो. कठड्याला टेकून उभा होतो. दुसऱ्या भागात त्याच्याकडे उंच चेंडू आला. त्याने उडी मारली, हात वर, आणि हवेतच त्याला एकाने धडक दिली. तो पाठीवर पडला आणि हेल्मेट जमिनीवर आपटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. रिकाम्या घरात दार आपटावं तसा होता. तो सावकाश उठला.

त्याला कडेला आणलं. टीमची थेरपिस्ट, एक तरुण मुलगी, कागद घेऊन त्याच्यासमोर बसली. मी कठड्याला धरून त्यांच्या जवळ गेलो, पंधरा पावलांवर. आवाज येत नव्हता, पण त्याचे ओठ दिसत होते. डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर. माझेही ओठ हलायला लागले. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. एकही चुकला नाही. थेरपिस्टने मान हलवली. मग दहा शब्द, मग पुन्हा मान. तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि तो उठून मैदानात गेला. मला काय वाटलं असेल? माझी छाती फुगली. शेजारच्या माणसाला मी म्हणालो, माझा मुलगा आहे तो.

पाच मिनिटांनी त्याला पुन्हा एकदा पाडलं, पहिल्याइतक्या जोरात नाही. तो लगेच उठला. आणि शेवटी कोपऱ्यात, रेषेच्या आत एक पाऊल जेमतेम टेकवून त्याने असा चेंडू पकडला की सगळे उभे राहिले. मी नाचलो. मॅच संपल्यावर टोपीवाला एक अमेरिकन त्याच्याशी हात मिळवून म्हणाला, सोमवारी फोन करतो. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

गाडीत तो सीट मागे करून डोळे मिटून बसला. एम-फोर हायवेला लागल्यावर म्हणाला, “बाबा, डिड आय कॅच एनीथिंग?”

मला वाटलं, आणखी कौतुक हवंय. मी सगळा कॅच पुन्हा वर्णन करून सांगितला. तो ‘नाइस’ म्हणाला. मग दोन एक्झिट गेले.

“बाबा, डिड आय कॅच एनीथिंग?”

तेच शब्द, तोच सूर. मी त्याच्याकडे बघितलं. तो मस्करी करत नव्हता. मी पुन्हा सांगितलं. स्लाऊच्या पुढे त्याने तिसऱ्यांदा विचारलं. हायवेवरच्या थांब्यावर, सर्व्हिसेसला, गाडी घेतली, उभी केली. काय करावं सुचेना. तेव्हा मला जे येत होतं तेच मी केलं. म्हटलं, बाळा, महिने म्हण. त्याने डोळेही न उघडता बारा महिने उलटे म्हटले, घड्याळ चालावं तसे. तिसरी यादी विचारली, दहापैकी दहा.

“आत्ता आपण कुठून येतोय?”

त्याने डोळे उघडून बाहेरच्या गाड्यांकडे बघितलं. मग म्हणाला, “स्कूल?”

मी त्या पार्किंगमध्ये स्टीअरिंग धरून बसून राहिलो. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, मी तर बसलेलो होतो. मी काय करून ठेवलं होतं, ते मला तिथे, तेव्हा कळलं.

रीडिंगला सरळ हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे इमर्जन्सीत, गेलो. बायको फार्मसीतून परस्पर तिथे आली. दोन तासांनी आत बोलावलं तोपर्यंत मुलगा बराच सावरला होता. मॅच आठवत होती, कॅच नाही. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, थकलेल्या, पण प्रेमाने बोलणाऱ्या. त्यांनी त्यांच्याकडचा तसाच कागद काढला आणि विचारायला सुरुवात केली. महिने बरोबर. शब्द, दहापैकी दहा. मैदानावरही पूर्ण बरोबर होतं का, असं त्यांनी विचारलं, आणि मुलगा म्हणाला, हो, थेरपिस्टने क्लिअर केलंय. डॉक्टर लिहायला लागल्या. मी तोंड उघडलं तसा मुलाने माझा हात धरला.

“बाबा, प्लीज. डोन्ट. सोमवारी फोन आहे.”

“काय डोन्ट?” बायको म्हणाली.

तो पूर्ण मराठीत बोलायला लागला, डॉक्टरांना कळू नये म्हणून. “बाबा, सगळे करतात. काही लोक तर सुरुवातीला मुद्दाम कमी मार्क्स आणतात, म्हणजे नंतर कळायला नको. मी काय करतोय ते मला कळत होतं. तुम्ही फक्त मदत केली.”

म्हणजे त्याला माहीत होतं. आदल्या दुपारी याद्या घेऊन बसला तो अभ्यास कशाचा होता, हे त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. सोळा वर्षं धावून कमावलेलं सगळं त्या एका फोनमध्ये होतं आणि तो माझा हात सोडत नव्हता.

मी डॉक्टरांना सांगितलं. इंग्रजीत, अडखळत. की हे सगळं त्याला पाठ आहे. की मी पाठ करून घेतलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटलं. मी पुन्हा सांगावं म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी कागद उलटा ठेवला, खोलीत नजर फिरवली आणि मनानेच दहा शब्द जुळवले. कर्टन, बकेट, सँडविच, असे. मुलाने तीन सांगितले. चौथा म्हणून तो ‘लॅडर’ म्हणाला. लॅडर त्यांच्या यादीत नव्हता. तो आमच्या यादीत होता.

बायकोने माझ्याकडे बघितलं. “तो कागद कशाचा आहे, एवढं तरी वाचायचं होतं ना हो,” एवढंच ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

स्कॅन झाला, दोन दिवस ठेवून घेतलं, टीमला पत्र गेलं. सोमवारी अमेरिकन माणसाचा फोन आला तेव्हा मुलगा पडदे ओढून झोपला होता. मी तो घेतला आणि आहे ते सांगितलं. तो माणूस सभ्यपणे बोलला, लवकर बरा होऊ दे म्हणाला. पुन्हा त्याचा फोन आला नाही. जर्मनीच्या टीमने उन्हाळ्यात करार संपवला. मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. किचनमध्ये मी आलो की तो ताट घेऊन वर जायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

आता आम्ही दर सहा आठवड्यांनी स्पेशालिस्टकडे जातो. मुलाला दोन पानं वाचली की डोकं दुखतं. कचऱ्याच्या बिन्स कुठल्या दिवशी बाहेर काढायच्या ते विसरतो, शब्द शोधत बसतो. कधी चांगले दिवस येतात. बोलतो आता माझ्याशी, कमी बोलतो. तिथले डॉक्टर दर वेळी नवे शब्द विचारतात. गेल्या खेपेला दहापैकी सहा आले.

डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, सहा हे वाईट असेलच असं नाही. धडधाकट माणसांनाही पहिल्यांदा कधी कधी सहाच येतात. मार लागण्याआधी तो मुळात कितीवर होता हे कळलं तर त्याचं नुकसान किती झालंय ते सांगता येईल. कदाचित काहीच झालं नसेल. टीमचे रेकॉर्ड पाठांतराचे, ते निरुपयोगी. त्याने सरावाआधी ही टेस्ट कधी दिली होती का?

दिली होती. एकदा. पहिल्या संध्याकाळी, आमच्या टेबलावर, मला.

“किती आले होते?”

रिसेप्शनच्या स्पेलिंगपासूनचे त्याचे मार्क मला पाठ आहेत. एकोणतीसचा पाढा त्याने कितव्या वर्षी म्हटला ते सांगू शकतो. त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं. टेबल अजून ओलं होतं, माझ्या हातात लाल पेन होतं, मी त्याला काय काय बोललो ते शब्द न् शब्द आठवतात. पण तो आकडा मी कुठेही लिहिला नव्हता. निळ्या फाइलमध्ये मी फक्त चांगले मार्क ठेवतो. चार होते? सहा होते? आठ?

डॉक्टर थांबले होते. मुलगाही माझ्याकडेच बघत होता. त्यालाही तो आकडा हवा होता.